व्हिलेज व्हॅनगार्ड: पंधरा पायऱ्यांखालची त्रिकोणी खोली

व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबचे तिकीट आधी काढता येते, पण खुर्ची आधी ठरवता येत नाही, आणि या एका नियमामुळे तुमची संध्याकाळ कशी जाणार हे बरेचसे तुम्ही फुटपाथवरच्या रांगेत किती वाजता येऊन उभे राहता यावर अवलंबून असते. मी साधारणपणे सव्वासहाला पोहोचते. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात, सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवरील १७८ क्रमांकाच्या इमारतीला एक अरुंद लाल दार आहे, त्यावर लाल कापडी छत आणि निऑनची पाटी आहे, आणि दाराआड पंधरा पायऱ्यांचा उभा जिना थेट तळघरात उतरतो. नदीपलीकडच्या जर्सी सिटीत राहायला आल्यापासून गेल्या नऊ वर्षांत मी हा जिना तीसेक वेळा उतरले असेन, आणि जमेल तेव्हा मुद्दाम वेगळ्या जागी बसून ऐकले आहे. त्या अनुभवावरून माझे मत सुरुवातीलाच सांगते. लहान संचाचे जॅझ ऐकण्यासाठी याहून चांगली खोली मला ठाऊक नाही. तिच्या नावाभोवती फार मोठा इतिहास आहे आणि तो खराही आहे. पण मोठमोठे वादक येथे पुन्हा पुन्हा आले आणि त्यांनी आपल्या रेकॉर्ड येथे केल्या, त्याचे कारण या खोलीचा आवाज हे आहे, आणि तो आवाज आजही साधारण चाळीस डॉलर मोजून कोणालाही ऐकता येतो.

खोली त्रिकोणी का, याचे उत्तर रस्त्यात आहे. सेव्हन्थ अव्हेन्यू पूर्वी व्हिलेजच्या उत्तर सीमेपाशीच संपत असे. १९१०च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी आणि वाहतुकीसाठी तो दक्षिणेकडे वाढवण्यात आला, तेव्हा जुन्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांच्या वस्तीतून सरळ रेषेत रस्ता कापून काढला गेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोपरे छाटल्यासारखे जमिनीचे तुकडे उरले. त्यांवर ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांना तोच आकार मिळाला. दारूबंदीच्या काळात या तळघरात चोरून दारू विकणारा एक अड्डा चालत असे आणि त्याचे नावही ‘गोल्डन ट्रँगल’ असे होते. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ मध्ये आपला क्लब येथे आणला. सुरुवातीची वर्षे कवितावाचन, लोकसंगीत आणि विनोदी कार्यक्रमांची होती. १९५७ पासून मात्र येथे जॅझच प्रमुख झाले. गॉर्डन १९८९ मध्ये वारले, त्यानंतर त्यांच्या पत्नी लोरेन यांनी क्लब चालवला, आणि २०१८ मध्ये त्या गेल्यानंतर त्यांची मुलगी डेबोरा तो सांभाळते आहे. मार्च २०२० मध्ये साथीमुळे बंद पडलेले दार सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडले. त्या दीड वर्षात मी दोनतीनदा केवळ त्या बंद दारावरून चालत गेले होते. ज्याला एखाद्या जागेचा लळा लागला आहे त्याला यात वावगे वाटणार नाही.

आता आवाजाविषयी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते या परीक्षणाचा गाभा तोच आहे. मंच त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाला आहे आणि श्रोते बसतात तो भाग मागे रुंद होत जातो. दोन लांब भिंती एकमेकींना समांतर नसल्यामुळे आवाज त्यांच्यामध्ये टाळीसारखा आपटत राहत नाही, तर पसरत मागे जातो. छत ठेंगणे आहे. भिंतींलगतचे गादीचे बाक, मंचामागचा पडदा आणि खच्चून बसलेली माणसे मिळून उरलेला प्रतिध्वनी शोषून घेतात. क्लबमध्ये जास्तीत जास्त १२३ माणसांना प्रवेश आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम मंगल कार्यालयातल्या जेवणाच्या दोन पंगती म्हणा ना. त्यामुळे ध्वनिवर्धकाचे काम फारच थोडे उरते. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट बऱ्याचदा सरळ वाद्यातून कानावर येतात, सिंबलवर, म्हणजे ड्रमबरोबरच्या मोठ्या झांजेवर, काठी पडल्यानंतर उठणारा धातूचा सूक्ष्म कण आणि त्यामागून येणारी लांब झिणझिण वेगवेगळी ऐकू येते, आणि बासच्या, म्हणजे उभे धरून वाजवायच्या त्या मोठ्या तंतुवाद्याच्या, तारेवरून बोट सरकल्याची करकरही लपत नाही. मोठ्या सभागृहात हे सगळे आवाज एका लगद्यात मिसळतात आणि आपल्याला केवळ एकत्रित परिणाम मिळतो. येथे प्रत्येक वाद्याची जागा डोळे मिटूनही दाखवता येते.

तरीही सर्व खुर्च्या सारख्या नाहीत. श्रोत्यांच्या बाजूने पाहिले असता पियानो डावीकडे आणि ड्रम उजवीकडे असतो. डाव्या भिंतीच्या बाकावर पुढे बसल्यास पियानोवादकाची पाठ आणि त्याचे दोन्ही हात दिसतात. पियानो शिकणाऱ्या माणसाने दुसरीकडे बसूच नये. उजव्या बाकाचे पुढचे टोक ड्रमच्या इतके जवळ आहे की जोरकस वादक असेल तर सिंबल बाकी संचावर कुरघोडी करतात, पण वादक काठ्यांऐवजी तारांचे ब्रश घेऊन एखादे संथ गाणे वाजवत असेल तर हीच जागा खोलीतली सर्वोत्तम ठरते. मधल्या रांगेतली पहिली दोन टेबले बाससमोर येतात. बास हे वाद्य घरच्या स्पीकरवर नेहमी अंदाजाने ऐकावे लागते. येथे ते लाकडासकट ऐकू येते. मागे बारजवळ बसणाऱ्यांना तोल चांगला मिळतो, परंतु एखादा खांब आड येऊ शकतो आणि ग्लास धुतल्याचा आवाजही येतो. एकट्याने जाणाऱ्याला मी डाव्या बाकाची चौथी-पाचवी जागा सुचवेन.

एका फेब्रुवारीत मी तेथेच बसले होते. त्रिकूट एक अतिशय संथ गाणे संपवत होते, शेवटचा स्वरमेळ देऊन पियानोवादकाने पेडलवरचा पाय तसाच धरून ठेवला, आणि तो नाद विरत असताना जमिनीखालून सेव्हन्थ अव्हेन्यूची रेल्वे गेल्याची बारीक घरघर तळव्यांना जाणवली. वादकाने ती पूर्ण जाऊ दिली. मग पाय उचलला, आणि तारांवर नमद्याचे दट्टे एकदम येऊन बसल्याचा मऊ ठप्प असा आवाज झाला. सव्वाशे माणसांपैकी एकानेही तोपर्यंत टाळी वाजवली नव्हती.

ही शांतता आपोआप येत नाही. ती क्लबने मागून घेतलेली आहे. वादन चालू असताना बोलू नये, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रण करू नये, फोन बंद ठेवावा, असे सुरुवातीलाच सांगितले जाते आणि ते पाळले जाते. खायला काहीही मिळत नाही. स्वयंपाकघर नावापुरते उरले असून वादक आणि कर्मचारी ते कार्यालय आणि विश्रांतीची खोली म्हणून वापरतात. काट्याचमच्यांचा आवाज नसणे म्हणजे काय असते हे मला याच शहरातल्या दुसऱ्या एका क्लबने शिकवले, जेथे बासवादक आपला सोलो अगदी हलक्या हाताने वाजवत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर जेवणाचे ताट येऊन आदळले आणि त्यापाठोपाठ चार माणसांची वाटावाटी सुरू झाली. त्यानंतर मी त्या जागी गेले नाही.

या खोलीचा आवाज किती जुना आहे याची खातरजमा घरी बसूनही करता येते, आणि माझ्या मते तिकीट काढण्यापूर्वी ती करावी. येथे ध्वनिमुद्रित झालेल्या रेकॉर्डची संख्या शंभराहून अधिक आहे. त्यांपैकी तीन मी वारंवार लावते.

पहिली सॉनी रोलिन्स यांची. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर आपली यंत्रे घेऊन व्हॅनगार्डमध्ये आले. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर देत असे आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत असे. मी आज जर्सीतून नदी ओलांडून जाते त्याच दिशेने तो आपली पेटारे-यंत्रे घेऊन आला असेल, हा विचार मला दर वेळी सुखावतो. संचात पियानो नव्हता. रोलिन्स यांचा टेनर सॅक्सोफोन, एक बास आणि एक ड्रम, इतकेच. दुपारी बासवर डोनाल्ड बेली आणि ड्रमवर पीट ला रोका होते, रात्री विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स. स्वरमेळ धरून ठेवणारे वाद्यच नसल्यामुळे सॅक्सोफोनभोवती मोकळी जागा राहते, आणि त्या मोकळ्या जागेत ही खोली ऐकू येते. जोन्स यांचा ड्रम एका बाजूने रेटा देतो, त्याला भिंतीवरून किंचित उत्तर मिळते, आणि रोलिन्स त्या उत्तरावर स्वार होऊन पुढचे वाक्य उचलतात. रेकॉर्ड मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज तिच्यात नाही, तरीही खोलीची खोली कळते.

दुसरी रेकॉर्ड पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रिकुटाची, रविवार २५ जून १९६१ या दिवसाची. दुपारचे दोन आणि रात्रीचे तीन असे पाच सेट, म्हणजे सलग वादनाच्या फेऱ्या, त्या दिवशी झाले आणि निर्माते ओरिन कीपन्यूज यांनी ते सगळे टिपून ठेवले. पहिल्याच गाण्यात काही क्षण वीज गेली होती. त्या दिवसाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण पुढे प्रसिद्ध झाले तेव्हा ती तुटही त्यात तशीच ठेवण्यात आली. या रेकॉर्डवर श्रोते फार शांत नाहीत. ग्लास किणकिणतात, कोणी बाई हसते, मागे हलकी कुजबुज चालू असते. मला या आवाजांचा पूर्वी राग येत असे. क्लबमध्ये जाऊन बसल्यावर मात्र लक्षात आले की तो किणकिणाट नेमका कुठून येतो हे आपल्याला सांगता येते, म्हणजे मागे आणि उजवीकडून, आणि त्यामुळे पियानो कुठे आहे आणि आपण कुठे बसलो आहोत तेही कळते. स्कॉट लफारो यांचा बास हे या रेकॉर्डचे खरे नवल आहे. ठेका धरून चालत राहण्याचे बासचे परंपरागत काम त्यांनी बाजूला ठेवले. ते पियानोच्या वाक्यात मध्येच शिरतात, त्याला प्रश्न विचारतात, कधी त्याच्याआधीच उत्तर देऊन मोकळे होतात, आणि ड्रमवादक पॉल मोशियन ब्रश घेऊन त्या दोघांमध्ये जेमतेम हालचाल ठेवतात. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेले. वय पंचवीस. त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणातून पहिली जी रेकॉर्ड निघाली तिच्यासाठी लफारो यांचे काम ठळकपणे ऐकू येईल अशी गाणी निवडण्यात आली, आणि तिची सुरुवात आणि शेवट त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यांनी होतो.

तिसरी, त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुद्रित झालेली, सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांची. एका पूर्ण बाजूवर सुमारे सोळा मिनिटे एकच ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेला एक ठरीव साचा, चालतो, त्यात श्वास घ्यायलाही जागा नाही, आणि पहिल्या ऐकण्यात अनेकांना ते असह्य होते. त्याच रात्रींमध्ये कोलट्रेन यांनी ‘इंडिया’ नावाची रचनाही वाजवली. एरिक डॉल्फी यांचा बास क्लॅरिनेट, दोन बास, आणि खाली एकाच आधारस्वरावर टिकून राहणारी बैठक. ज्याचे कान तंबोऱ्यावर वाढले आहेत त्याला तेथे वाट लगेच सापडते. कोलट्रेन यांना पंडित रविशंकर यांच्या संगीताचे फार आकर्षण होते आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. हे रवी कोलट्रेनही सॅक्सोफोनवादक आहेत आणि व्हॅनगार्डमध्ये वाजवतात.

या रेकॉर्ड कशा घ्याव्यात याविषयी थोडे, कारण त्यात मी एकदा चांगलीच फसले आहे. रोलिन्स यांची जुनी प्रत इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याने ‘जवळजवळ नवी’ म्हणून विकली, आणि घरी आली तेव्हा तबकडी इतकी वाकलेली होती की फिरताना सुई लाटेवरच्या होडीसारखी वरखाली होत होती. पैसे परत मिळवायला दोन महिने लागले. त्यानंतर जुनी रेकॉर्ड मी हातात घेऊन, दिव्याखाली तिरपी धरून पाहिल्याशिवाय घेत नाही. त्यासाठी मला उपयोगी पडलेले दुकान म्हणजे मॅनहॅटनच्या पश्चिम २६व्या रस्त्यावरचे जॅझ रेकॉर्ड सेंटर. ते रस्त्यावर नाही; एका कार्यालयांच्या इमारतीत लिफ्टने आठव्या मजल्यावर जावे लागते. दुकानाचे मालक फ्रेड कोहेन यांनी ब्लू नोटच्या मूळ छपाया कशा ओळखाव्यात यावर संग्राहकांसाठी मार्गदर्शक पुस्तकच लिहिले आहे. लेबलावरचा कंपनीचा पत्ता कोणता, लेबलाखाली गोल खोलगट खाच आहे का, गाणी संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरे आहेत का, आणि न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्याची कानासारखी दिसणारी खूण आहे का, या चार गोष्टी बघायला मी तेथे शिकले. पट्टीवर बोटाचे नख न लावता ती खूण कशी पाहायची हेही तेथेच कळले: तबकडी कडेने आणि मधोमध धरायची, आणि दिव्याकडे झुकवत न्यायची, की ओरखड्यासारखी दिसणारी रेघ अचानक अक्षर होते. मूळ छपाई माझ्या आवाक्यात नव्हती. मी नंतरची, स्वच्छ, सपाट प्रत घेतली आणि तिच्यावर पूर्ण समाधानी आहे. ज्यांना जुन्या वस्तूचा नव्हे तर आवाजाचा ध्यास आहे त्यांनी अलीकडच्या चांगल्या छपाया निःशंक घ्याव्यात.

व्यवहाराचे मुद्दे लवकर आटोपते. रोज रात्री आठ आणि दहा असे दोन सेट होतात, प्रत्येकाचे तिकीट वेगळे, त्याशिवाय प्रत्येकाने किमान एक पेय घ्यावे लागते; ते दारूच असले पाहिजे असे नाही. सातच्या सुमारास दार उघडते. पोटपूजा आधी करून घ्यावी. ब्लीकर रस्त्यावरचे, १९२९ पासून चालत आलेले जॉन्स हे पिझ्झाचे दुकान दहा मिनिटांच्या अंतरात आहे, मात्र तेथे पिझ्झा आख्खाच मिळतो, एकेक तुकडा मिळत नाही, म्हणून दोघांनी मिळून जावे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मंगळवार ते रविवार सलग सहा रात्री एकच संच वाजवतो. मंगळवारी वादक खोलीशी आणि एकमेकांशी जुळवून घेत असतात, आणि ज्याला ही जुळवाजुळव ऐकण्यात रस आहे त्याला मंगळवारचे तिकीट सहज मिळते. शनिवारी गर्दी असते आणि वादनात काहीसा दिखाऊपणा शिरतो. माझी पसंती रविवारच्या दुसऱ्या सेटला आहे. तोपर्यंत अकरा सेट होऊन गेलेले असतात, गाण्यांची बांधणी अंगात मुरलेली असते, श्रोते कमी आणि अधिक जाणकार असतात, आणि उद्या याच खोलीत वाजवायचे नाही हे माहीत असल्यामुळे वादक काहीही राखून ठेवत नाहीत.

सोमवार वेगळा. ७ फेब्रुवारी १९६६ या सोमवारी ट्रम्पेटवादक थॅड जोन्स आणि ड्रमवादक मेल लुइस यांनी आपला मोठा वाद्यवृंद येथे प्रथम आणला. हे वादक दिवसा स्टुडिओंमध्ये पोटापाण्याचे काम करत आणि एका रात्री मनासारखे वाजवायला येथे जमत. जोन्स १९७८ मध्ये डेन्मार्कला गेले, लुइस १९९० मध्ये वारले, पण वृंद टिकला. व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा या नावाने तो आजही सोमवारी वाजवतो. सोळा वादक त्या निमुळत्या टोकात कसे मावतात हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. पुढच्या रांगेत बसणाऱ्यांवर सॅक्सोफोनची ओळ अक्षरशः अंगावर येते, आणि सगळे ट्रम्पेट एकदम उठले की टेबलावरच्या ग्लासातले पाणी थरथरते. लहान संचासाठी मी पुढे बसायला सांगते, तसे सोमवारी मात्र मागच्या तिसऱ्या हिश्शात बसावे. तेथे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा थर आणि त्याखालचा सॅक्सोफोनचा थर वेगळे होऊन येतात. जोन्स यांच्या रचनांमध्ये हे दोन थर एकमेकांवर अर्ध्या मात्रेने घसरवलेले असतात, आणि ती गंमत पुढे बसून हातून निसटते.

लिफ्ट मला व्हॅनगार्डमध्ये कधी आढळली नाही, ही अडचण वयस्कर श्रोत्यांनी ध्यानात घ्यावी. गेल्या उन्हाळ्यात माझे बाबा मुंबईहून आले होते. जॅझ आमच्या घरात त्यांच्यामुळे आले. १९७८ मध्ये धोबी तलावाजवळच्या रंग भवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली तेव्हा ते कॉलेजात होते, आणि तेथे त्यांनी सॉनी रोलिन्स यांना प्रत्यक्ष ऐकले. रोलिन्स १९६०च्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात काही महिने राहून गेले होते, हे बाबांना पुढे कळले. आणि स्वतःची अख्खी नोकरी पवईतच झाली असल्यामुळे ते ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. व्हॅनगार्डच्या त्या रेकॉर्डची सीडी त्यांनी मला काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून बारावीनंतर घेऊन दिली होती. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा फोनवर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नव्हतो.

त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ते खाली उतरले. दारावरच्या माणसाने मागची रांग थांबवून धरली आणि बाबा शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत कोणालाही जिन्यावर सोडले नाही. आम्हाला मधली दुसरी रांग मिळाली. त्या रात्री टेनर सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम असा संच होता. तिसऱ्या गाण्यापासून बाबांचे बोट टेबलाच्या कडेवर हलू लागले. सेट संपल्यावर ते म्हणाले, “अगं, आवर्तन केवढं लांब आहे हे! मी मोजलं. चार-चार मात्रांचे बत्तीस खंड, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रा झाल्या. आणि सम कुठे आहे ते चौघांपैकी एकही जण दाखवत नव्हता, तरी येताना सगळे बरोबर आले.” रेकॉर्ड ऐकताना हे त्यांना चाळीसेक वर्षांत जाणवले नव्हते, असेही ते म्हणाले. ड्रमवाला डाव्या पायाने झांजांची जोडी मिटवत ठेका धरतो, आणि समोर चार फुटांवर त्या पायाकडे बघत असल्यामुळे ते मोजता आले.

दुसऱ्या सेटच्या जागा गुरुवार असल्यामुळे शिल्लक होत्या. मी घड्याळ पाहिले. रात्री उशिरा जर्सीला नेणारी पाथ रेल्वेची गाडी होबोकनला वळसा घालून जायची आणि घरी पोहोचायला एक वाजला असता, आणि तो जिना त्यांना पुन्हा चढून उतरावा लागला असता. “आपण इथेच बसू, बाबा?” असे मी विचारले, पण खोली रिकामी करावी लागते हा नियम आहे, आणि तो सर्वांना सारखा आहे. तेव्हा बाबा वर गेले, लाल छताखाली वीस मिनिटे उभे राहिले, आणि पुन्हा एकेका पायरीने खाली आले. त्यांनी मोजलेले गाणे दुसऱ्या सेटमध्ये पुन्हा लागले, या वेळी जवळजवळ दुप्पट लयीत. मी त्यांच्या हाताकडे पाहिले. तो मांडीवर स्थिर होता, आणि त्यांनी डोळे मिटले होते.